वळकटीचा इतिहास

इतिहासाच्या ग्रंथांतून सिंहासनांची वर्णने पुष्कळ आढळतात. अंथरुणांची मात्र क्वचितच. राजा कोठे बसला हे बखरकार आवर्जून लिहून ठेवतो, पण त्याच राजाचा शिपाई पावसाळ्याच्या रात्री कशावर निजला हे सांगण्याची त्याला गरज वाटत नाही. वास्तविक मनुष्याच्या आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा निद्रेत जातो आणि ही निद्रा जर उघड्यावर घ्यावयाची असेल, तर अंगाखाली काय आहे व अंगावर काय आहे यावर दुसऱ्या दिवशीचे सारे काही अवलंबून असते. तेव्हा आज आपण तख्तांचा नव्हे, तर वळकटीचा इतिहास पाहावयाचा आहे.

‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ही म्हण आपण सर्वजण बाळपणापासून ऐकत आलो आहोत. तीत काटकसरीचा उपदेश आहे आणि तो योग्यच आहे. परंतु या म्हणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती ही की, अंथरूण आहे आणि ते घालावयास घर आहे. ज्या रात्री घरच उरत नाही, त्या रात्रीचे काय? पूर आला, धरणी हलली, दंगा उसळला, दुष्काळाने गाव सोडावयास लावले, म्हणजे मनुष्य काखेत मारता येईल तेवढेच घेऊन बाहेर पडतो. त्या वेळी त्याच्या काखेत जे असते ती वळकटी. अंथरूण-पांघरूण गुंडाळून, मधोमध दोरीने आवळून केलेले हे गाठोडे म्हणजे गरिबाचे फिरते घरच होय. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, अंथरुणाची खरी परीक्षा घरात होत नाही, घर सुटते तेव्हा होते. आणि आपल्या मराठवाड्यापुरते बोलावयाचे तर ही परीक्षा बहुधा भिजलेल्या रात्री होते. आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. आपण ते विसरत चाललो आहोत.

प्रथम या भूमीची रात्र कशी असते ते पाहू. परभणी जिल्हा समुद्रापासून दूर, गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेला आहे. येथील उन्हाळा कडक म्हणून सर्वांस ठाऊक आहे. परंतु येथील थंडीचे नाव मात्र बाहेरच्या लोकांना ऐकून आश्चर्य वाटते. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत काही हिवाळ्यांत पारा पाच अंशांच्याही खाली उतरल्याच्या नोंदी आहेत. याचे कारण सोपे आहे. हिवाळ्यात आकाश निरभ्र असते, हवा कोरडी असते, आणि दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली सारी उष्णता वर आकाशाकडे सोडून देते. ढगांचे पांघरूण नसले की धरतीलाही हुडहुडी भरते! अशा वेळी हुरड्याची राखण करावयास किंवा गव्हाला पाणी द्यावयास शेतात राहिलेल्या माणसाला दोन बाजूंनी थंडी लागते. वरून वाऱ्याची आणि खालून भुईची. यांपैकी भुईची थंडी अधिक कपटी असते. पांघरुणात हवा अडकून राहते म्हणून ते ऊब धरून ठेवते. पण अंगाखालचे अंथरूण शरीराच्या भाराने दबते, त्यातील हवा निघून जाते, आणि अंगाची ऊब सरळ मातीत उतरते. म्हणूनच जाणते शेतकरी आधी कडब्याच्या पेंढ्या पसरतात, त्यावर तरट किंवा पोते टाकतात, आणि मगच वाकळ अंथरतात. ज्वारीच्या कडब्याच्या ताटांमध्ये जी हवा अडकते, तीच त्यांची गादी. शहरातील मनुष्य दोन पांघरुणे अंगावर घेतो आणि खाली काहीच नसल्यामुळे कुडकुडतो. शेतकरी एक खाली घालतो, एक वर घेतो आणि निजतो. हा अनुभवाचा फरक आहे.

थंडीखेरीज आणखी दोन शत्रू आहेत. एक ओल आणि दुसरा सरपटणारा. ओलीविषयी पुढे बोलूच. सरपटणाऱ्यांत मण्यार ही सर्वांत घातकी. ती रात्री फिरते, जमिनीवर निजलेल्या माणसाच्या उबेजवळ येते, आणि तिचा दंश इतका कमी दुखतो की, पुष्कळदा निजलेल्यास तो कळतही नाही. बाज, मचाण, शेतातला माळा या गोष्टी केवळ आरामासाठी नव्हत्या, हे लक्षात घेतले पाहिजे. अंथरूण घालण्यापूर्वी ते झटकून घेण्याची आपल्या आजीची शिस्तही याच अनुभवातून आलेली होती.

आता या भागातील सर्वांत प्रसिद्ध अंथरुणाची कथा. गोदावरीच्या काठचे गंगाखेड हे संत जनाबाईचे जन्मस्थान म्हणून ओळखले जाते. तेथून ती पंढरपुरास दामाशेटींच्या घरी गेली आणि नामदेवांच्या घरची दासी म्हणून राहिली. तिच्याविषयी परंपरेने सांगितली जाणारी आख्यायिका अशी : एके रात्री विठ्ठल जनीच्या झोपडीत आला व तेथेच निजला. पहाटे काकडआरतीची वेळ झाली तेव्हा तो घाईने उठला, आपला शेला आणि रत्नजडित पदक तेथेच विसरला, आणि जनीची वाकळ पांघरून राउळात जाऊन उभा राहिला. पदक सापडेना म्हणून जनीवर चोरीचा आळ आला, तिला सुळावर देण्याची तयारी झाली, आणि सुळाचे पाणी झाले. भाविकाला या कथेत देवाची कृपा दिसते. इतिहासाच्या अभ्यासकाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. लोकांनी आपल्या देवाच्या अंगावर जे पांघरूण घातले, ते राजाचे नव्हते, दासीचे होते. दोघांच्या वस्त्रांची अदलाबदल होताच एकीला चोर ठरविण्यात आले. पांघरुणावरून माणसाची पायरी ठरत होती, एवढे यातून स्पष्ट होते.

ही वाकळ म्हणजे तरी काय? फाटकी लुगडी, विटलेली धोतरे, जुने अंगरखे यांचे थर एकावर एक रचावयाचे आणि धावदोऱ्याने ते चारी बाजूंनी शिवत शिवत मध्याकडे यावयाचे. कोणी तिला गोधडी म्हणतात, कोणी लेप. प्रत्येक थरामध्ये थोडी हवा कोंडलेली असते, आणि कोरडी हवा ही उष्णतेला अडवून धरणारी उत्तम भिंत आहे. जी वस्त्रे एकेकटी टाकाऊ, ती एकत्र आली की ऊब देतात. विकत काही आणावयास नको, माग नको, कारागीर नको. घरातील बाईची सुई आणि दुपारचा वेळ एवढ्यावर काम भागते. कोरड्या रात्री, छपराखाली, वाकळीइतके सुखाचे अंथरूण नाही. परंतु वाकळ सुताची. सूत पाणी पिते, आणि पाणी पिऊन फुगलेल्या धाग्यांमधून हवा निघून जाते. भिजलेली वाकळ दुप्पट जड होते, अंगाची उलट ऊबच शोषून घेते, आणि पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही. थोडक्यात, वाकळ घरची. ती वाटेची नव्हे.

याच कुटुंबातील दुसरे सुती पांघरूण म्हणजे पासोडी. जाड सुताची ही दुहेरी चादर थंडीत अंगावर घ्यावयाची. आपल्या शेजारच्या अंबाजोगाईस दासोपंतांनी सोळाव्या-सतराव्या शतकांत विपुल ग्रंथरचना केली, आणि त्यांची पंचीकरणावरील एक रचना तर कित्येक हात लांबीच्या पासोडीवर लिहिलेली आहे. ती ‘पासोडी’ याच नावाने ओळखली जाते. जे सामान्य माणसाने पांघरावयाचे, त्यावरच वेदान्त लिहिला गेला. यावरून हे वस्त्र त्या काळी किती परिचयाचे असले पाहिजे, हे दिसून येते.

मग वाटेचे अंथरूण कोणते? त्याचे उत्तर धनगराच्या खांद्यावर आहे. ते म्हणजे घोंगडी. मेंढपाळाचे सारे आयुष्य उघड्यावर जाते. पावसाळा सरला की कळप घेऊन तो निघतो, ज्याच्या शेतात मेंढ्या बसवावयाच्या त्याच्या शेतातच निजतो, आणि पुन्हा पुढे जातो. त्याला जे पांघरूण लागते ते त्याच्या मेंढीच्याच पाठीवर वाढते. दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ असते. मऊ शालीसाठी तिचा उपयोग नाही. वर्षातून दोनदा लोकर कातरावयाची, पिंजावयाची, बायकांनी ती हाताने कातावयाची, आणि मग सनगर किंवा खुटेकर धनगर खड्डामागावर तिची घोंगडी विणावयाचा. ताण्याला चिंचोक्यांची खळ कुंच्याने दिलेली असते, त्यामुळे नवी घोंगडी ताठ आणि टोचणारी असते. वापराने ती मऊ होत जाते. काळी, करडी, पांढरी हे रंग मेंढीचेच. रंगाऱ्याचा तेथे संबंध नाही.

या राठ लोकरीत निसर्गाने काही विलक्षण गुण ठेवले आहेत. लोकरीच्या तंतूला मुळातच बारीक वळणे असतात आणि त्यांच्यामध्ये हवा अडकून राहते; दख्खनी मेंढीच्या पुष्कळशा जाड तंतूंत तर आतूनही पोकळी असते. लोकरीच्या अंगची चरबी पावसाचे थेंब काही वेळ बाहेरच थोपवून धरते. पुढे ओल आत शिरली तरी लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी वाफ पोटात साठवून घेते आणि तरीही हाताला ओली लागत नाही. इतकेच नव्हे, तर ही ओल शोषून घेताना ती थोडी उष्णताही सोडते. सुताचा धागा भिजला की लोळागोळा होतो. लोकरीचा तंतू भिजूनही आपली वळणे टिकवून धरतो, आणि म्हणून भिजलेल्या घोंगडीतही थोडी हवा आणि थोडी ऊब शिल्लक राहते. शिवाय लोकर सहजासहजी पेट घेत नाही. शेकोटीची ठिणगी घोंगडीवर पडली तर भोक पडेल, पण ज्वाळा उठणार नाही. दिवसा पावसात हिचाच घोंगता करून डोक्यावरून घ्यावयाचा, दुपारी हिच्यावर बसून भाकरी खावयाची, रात्री अर्धी खाली आणि अर्धी वर घेऊन निजावयाचे, आणि आजारी माणसाला उचलून न्यावयाचे झाले तर हिचीच झोळी. दोन-तीन किलो वजनाच्या एका वस्त्राने एवढी कामे करावीत, याहून अधिक काटकसर ती कोणती? लांबणीवर पडलेल्या कामाला आपण ‘भिजत घोंगडे’ म्हणतो. घोंगडे भिजावयासही वेळ लागतो आणि वाळावयासही. भाषेने ज्याची थट्टा केली, तोच त्याचा गुण आहे.

मेंढपाळ आणि शिपाई यांचे नाते आपल्या भागात फार जुने आहे. हिंगोली, कळमनुरी, उमरखेड या पट्ट्यातील हटकरांना बारगी धनगर, म्हणजे भालेवाले धनगर, असे म्हणत. १८१९ च्या जानेवारीत नोवा येथील गढीत नोवसाजी नाइकांच्या हाताखाली याच हटकरांनी निजाम आणि इंग्रज यांच्या एकत्रित फौजेशी झुंज दिली. ज्याला मेंढरांमागे उघड्यावर राहण्याची सवय, त्याला छावणीचे कष्ट ते काय वाटणार? धनगराची ही शिस्त मराठ्यांच्या हलक्या घोडदळातही होती. घोडा, भाला, हरभऱ्याची पिशवी आणि कांबळे एवढ्या सामानावर स्वार महिनोन्‌महिने फिरे. बाजीरावाने १७२७ च्या पावसाळ्यानंतर जालना परगण्यातून वऱ्हाड, खानदेश, गुजरात असा वळसा घेतला आणि फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेड येथे निजामाला कोंडले. वेग साधण्यासाठी निजामाला आपला जड तोफखाना मागे ठेवावा लागला, आणि तो मागे ठेवल्यामुळेच तो अडचणीत आला. मार्च १७२८ मध्ये मुंगी-शेवगाव येथे तह झाला. बाजीराव घोड्यावर बसूनच ज्वारीची कणसे चोळून खात चालला आहे, असे चित्र निजामाच्या चित्रकाराने काढल्याची जी आख्यायिका आहे, ती खरी असो वा नसो. तिच्यातील मर्म खरे आहे. ज्या सैन्याचे घर घोड्याच्या पाठीवर मावते, त्याला कोंडणे कठीण असते.

याच्या उलट चित्र बत्तीस वर्षांनी दिसते, आणि त्याची सुरुवातही आपल्याच भागातून झाली. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरची लढाई जिंकल्यावर सदाशिवरावभाऊंचा मुक्काम परतुरास होता. हा परतूर तालुका १९८१ साली जालना जिल्हा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होता. मार्च १७६० मध्ये तेथून भाऊंनी उत्तरेकडे कूच केले. बरोबर मोठा तोफखाना, डेरे, राहुट्या, बायकामाणसे, यात्रेकरू असा प्रचंड पसारा होता. पुढे पानिपतावर अडीच महिने हा पसारा उत्तरेच्या हिवाळ्यात अडकून पडला, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी जे व्हावयाचे ते झाले. पानिपतचा पराभव थंडीमुळे झाला असे कोणी म्हणणार नाही. रसद तुटली, वाटा तुटल्या, दोस्त तुटले. परंतु डेऱ्यात राहणारे सैन्य आणि कांबळ्यावर निजणारे सैन्य यांच्या युद्धाच्या दोन निरनिराळ्या रीती होत्या, आणि परतूरच्या मुक्कामात पहिली रीत स्वीकारली गेली होती, एवढे मात्र म्हणावयास हरकत नाही. जे उचलता येत नाही, ते संकटात आपल्याला उचलू देत नाही.

आता सैन्ये सोडून सामान्य माणसाकडे येऊ. त्याच्या वाट्याला आलेल्या घर सोडण्याच्या रात्री निरनिराळ्या कारणांनी आल्या, पण त्यांच्यात एक विलक्षण साम्य आहे. १९४७ ऑगस्टात देश स्वतंत्र झाला, पण मराठवाडा हैदराबाद संस्थानातच राहिला. पुढचे वर्षभर रझाकारांच्या अत्याचारांमुळे सरहद्दीवरील कित्येक कुटुंबांनी गावे सोडली आणि वऱ्हाडच्या हद्दीत आश्रय घेतला. उमरखेडसारख्या ठिकाणी लढ्याचे कॅम्प उभे राहिले होते. १९४८ चा पावसाळा अनेकांनी परक्या ओसरीवर काढला. १३ ते १७ सप्टेंबर या पाच दिवसांत पोलीस कारवाई होऊन संस्थान मुक्त झाले, तेव्हा भाद्रपदाचा पाऊस चालू होता. पुढे ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. गणपतीचे विसर्जन करून दमलेली माणसे गाढ झोपेत होती. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचे जड माळवद यांखाली लातूर आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांत मिळून सुमारे ८ हजार माणसे गेली. जी वाचली ती उघड्यावर आली, आणि पाठोपाठ पाऊस आला. आणि अलीकडे, २०२५ च्या सप्टेंबरात, अतिवृष्टीने आणि पुराने मराठवाडाभर पिके बुडाली आणि नदीकाठच्या गावकऱ्यांना रातोरात बाहेर पडावे लागले.

१९४८, १९९३, २०२५. एकदा माणसाने माणसाला बाहेर काढले, एकदा धरणीने, एकदा नदीने. पण ऋतू एकच. आपल्याकडील घर सुटण्याच्या रात्री कोरड्या नव्हत्या, त्या ओल्या होत्या. मग अशा रात्रीसाठी आपण ट्रंकेत काय ठेवले आहे? बहुतेक घरांत सुती गाद्या, सुती गोधड्या आणि सुती चादरी. आहेरात येते ती सुती चादर, दानात जाते ती सुती चादर. चादरीत दोष काहीच नाही. ती उन्हाळ्याच्या गच्चीवर उत्तम. परंतु भिजलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या आणि तान्ह्या मुलाच्या अंगावर ती घालणे म्हणजे थंडीला आमंत्रण देणे होय. थंडीने माणूस दगावावयास बर्फच लागते, असे नाही. अंग ओले, वारा चालू आणि पोट रिकामे असेल, तर पंधरा अंशांवरही शरीराची ऊब धोकादायक पातळीपर्यंत उतरते. लहान मुले आणि वृद्ध यांची ती सर्वांत आधी उतरते.

हाच प्रश्न इतर देशांतील लोकांपुढेही होता आणि त्यांनी तो आपापल्या परीने सोडविला. वेल्समधील प्राइस-जोन्स नावाच्या व्यापाऱ्याने १८७६ मध्ये घोंगडीचीच पिशवी करून तिचे पेटंट घेतले. पुढील वर्षीच्या रशिया-तुर्कस्तान युद्धात रशियन सैन्यासाठी तिची मागणी झाली. आज ज्याला आपण स्लीपिंग बॅग म्हणतो, तिच्या पूर्वजांपैकी ही एक. नॉर्वेच्या नान्सेनने १८८८ मध्ये ग्रीनलंड ओलांडले तेव्हा त्याच्या तुकडीतील माणसे रेनडिअरच्या कातड्याच्या पिशव्यांत, एकेका पिशवीत तिघे याप्रमाणे, निजत. पुढे गिर्यारोहकांनी पक्ष्यांच्या पिसांच्या पिशव्या वापरात आणल्या. त्या वजनाने हलक्या आणि कमालीच्या उबदार, पण भिजल्या की निकामी. म्हणजे आपल्या वाकळीचीच गत! १९६४ च्या सुमारास अमेरिकेच्या अवकाश-संशोधनातून चकचकीत धातूचा मुलामा दिलेला प्लास्टिकचा पातळ पत्रा निघाला. तो मुठीत मावतो, वारा आणि पाऊस अडवितो, आणि अंगातून निघणारी उष्णता परत अंगावर फेकतो. परंतु भुईची थंडी तो अडवू शकत नाही, आणि आतल्या आत घामाची ओल साचवितो. त्याला खाली-वर कशाची तरी जोड लागतेच. या साऱ्या प्रयोगांतून निघालेले तत्त्व कोणते? खाली जाड, मध्ये हवा धरणारे, आणि बाहेर पाणी अडविणारे. आपला मेंढपाळ तरी दुसरे काय करीत होता? खाली कडबा, मध्ये घोंगडी, आणि पावसात तिचाच घोंगता.

असे असता घोंगडी मागे का पडली, हे पाहिले पाहिजे. कळप आता लोकरीसाठी नव्हे, मांसासाठी पाळले जातात. राठ लोकरीला भाव नाही, आणि कित्येक ठिकाणी ती कातरून टाकून दिली जाते. हाताने कातणाऱ्या बायका आणि खड्डामागावरचे विणकर यांच्या पुढील पिढीने दुसरे व्यवसाय धरले. बाजारात पॉलिएस्टरचे झुळझुळीत ब्लँकेट थोड्या पैशांत मिळू लागले. त्या ब्लँकेटालाही न्याय दिला पाहिजे. ते पाणी फारसे पीत नाही, पिळले की लवकर वाळते, वजनाला हलके असते. ओल्या रात्री ते सुती चादरीपेक्षा निश्चितच बरे. पण ठिणगी पडली तर ते वितळते आणि अंगाला चिकटते, म्हणून शेकोटीजवळ ते घातक आहे. तेव्हा हट्ट घोंगडीचा नाही, विचाराचा आहे. ज्याच्या घरी घोंगडी आहे त्याने ती सांभाळावी, कडूनिंबाचा पाला घालून कसरीपासून जपावी, गरम पाण्यात कधी धुऊ नये. ज्याच्या घरी नाही त्याने निदान काय घ्यावयाचे हे समजून घ्यावे.

नदीकाठच्या आणि जुन्या माळवदाच्या घरांतून राहणाऱ्यांनी तर एक वळकटी दारामागे बांधून ठेवावीच. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोलीकडे झालेल्या साडेचार रिश्टरच्या धक्क्याने परभणी आणि नांदेडही हादरले होते, याची आठवण अजून ताजी आहे. या वळकटीत फार काही नको. माणशी एक घोंगडी किंवा लोकरीचे कांबळे. ते नसेल तर जाड पॉलिएस्टरचे ब्लँकेट. खाली घालावयास खताच्या किंवा धान्याच्या दोन रिकाम्या गोण्या; त्यांत कडबा, वाळका पाला, जे मिळेल ते भरले की गादी झाली. एक ताडपत्री किंवा जाड मेणकापड. कारण कोरडे राहणे हे ऊब मिळविण्याहून सोपे असते. मच्छरदाणी अवश्य, आणि तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचावयाच्या. ती डास तर अडवितेच, शिवाय मण्यारीपासूनही रक्षण करते. डोक्याला बांधावयास लोकरीची टोपी किंवा मफलर, आणि कोरडे पायमोजे. दहा-बारा हात मजबूत दोरी. हे सारे प्लास्टिकच्या पिशवीत घालून मग दोरीने आवळावयाचे, म्हणजे पुरातून चालत जाताना आतले भिजणार नाही. आणि शेवटी एक कसोटी : घरातील सर्वांत अशक्त माणसाला ती वळकटी उचलून अंगणापर्यंत नेता आली पाहिजे. नेता येत नसेल तर तिचे दोन भाग करावेत.

कोणी म्हणेल, हल्ली सरकार आहे, २००५ पासून आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा आहे, मदत येतेच. ती येते आणि यावयासच हवी. ती वेळेवर आणि योग्य यावी म्हणून नागरिकांनी आग्रहही धरला पाहिजे. परंतु कोणतीही मदत दुसऱ्या दिवशी येते. पहिली रात्र ज्याची त्यालाच काढावी लागते. किल्लारीत पहाटे चार वाजता बाहेर पडलेल्या माणसाजवळ जे होते तेवढेच होते.

आपल्या वाडवडिलांनी कोणतेही शास्त्र न शिकता ही पहिली रात्र लक्षात ठेवून आपले अंथरूण निवडले. जनीच्या वाकळीला देवाच्या खांद्यावर मान मिळाला. धनगराच्या घोंगडीला तो मिळाला नाही, पण मराठी माणसाला पावसातून आणि लढायांतून तिनेच निभावून नेले. वाकळ घरात राहू द्या. तिच्याइतकी माया दुसऱ्या पांघरुणात नाही. फक्त वाटेसाठी, त्या एका ओल्या रात्रीसाठी, दुसरे काहीतरी बांधून ठेवा. पावसाळा तोंडावर आला आहे. हे काम भिजत घोंगडे होऊ देऊ नका.